पहिला कॅमेरा, हातात तीस हजार: घेताना काय बघायचं

गणपती गेले की दिवाळीच्या आत मला चार-पाच फोन ठरलेले असतात. "कॅमेरा घ्यायचाय, तीसेक हजार जमलेत, कुठला घेऊ?" यंदाचा पहिला फोन मावसभावाच्या मुलीचा. पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेज करते, आणि दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवत होती. "काका, फक्त मॉडेलचं नाव सांग," म्हणाली. मी नाव सांगितलं नाही. "फोटो कशाचे काढणार?" एवढंच विचारलं. तिथून सुरू झालेलं बोलणं तीन आठवडे चाललं आणि मुंबईत बोरा बाजारातल्या एका काउंटरवर संपलं. त्या तीन आठवड्यांत तिला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आधी विषय ठरवा, विषयावरून लेन्स ठरवा, आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्या. बहुतेक जण हे नेमकं उलटं करतात. सगळे पैसे नव्या कोऱ्या बॉडीवर घालतात, सोबत आलेली लेन्स वर्षभर वापरतात, हवे तसे फोटो येत नाहीत म्हणून हिरमुसतात आणि कॅमेरा कपाटात जातो. अशी कपाटं मी बरीच पाहिली आहेत.

पायरी १: मोबाइलमधले फोटो मोजा

गेल्या वर्षभरात मोबाइलवर काढलेले फोटो उघडा. त्यातले "हा जरा चांगला यायला हवा होता" असं वाटणारे शंभर फोटो वेगळे काढा आणि ते कशाचे आहेत ते कागदावर लिहा. आवडनिवड तोंडी विचारली की माणूस "लँडस्केप, पोर्ट्रेट, बर्ड्स, सगळंच" असं सांगतो. मोबाइल खरं सांगतो. आमच्या मुलीच्या शंभरातले सत्तर फोटो तालमीचे आणि एकांकिकांचे निघाले. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या आधीचे दोन महिने ती रोज संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये असते. उरलेल्यांत वीसेक गडावरचे, बाकी घरचे. पक्ष्याचा एकही नव्हता, आणि फोनवर तर ती मला मोठ्या झूमबद्दल विचारत होती.

हे फोटो बघताना एक प्रश्न स्वतःला विचाराच: मोबाइल कुठे कमी पडला? भर उन्हात काढलेला डोंगर, ताटातला पदार्थ, देवळाचा कळस, आणि तो बघायचाही मोबाइलवरच, तर कॅमेऱ्याने फार फरक पडणार नाही. ते तीस हजार चार ट्रेकवर खर्च करा असं मी मनापासून सांगेन. मोबाइल कमी पडतो तो तीन ठिकाणी: अंधुक उजेडात हलणारी माणसं, लांबचा पक्षी किंवा प्राणी, आणि मोठा प्रिंट. यातलं एक तरी तुमच्या कागदावर ठळक दिसत असेल तर पुढे वाचा.

पायरी २: मेगापिक्सेल सोडा, सेन्सर बघा

हे थोडक्यात. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर २ मेगापिक्सेल मावतात, ४के पडद्यावर साधारण ८. बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट भिंतीवर लावायचा असेल आणि दर इंचाला २०० ठिपके धरले, तर साडेआठ-नऊ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या पंधरा वर्षांतला कुठलाही डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) याच्या पुढेच आहे. त्यामुळे १८ की २४ यावर डोकं शिणवू नका.

बघायचा असतो सेन्सरचा आकार, म्हणजे प्रकाश पडतो ती पाटी केवढी आहे ते. साध्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात ती साधारण ६.४ बाय ४.८ मिमीची असते. निकॉनच्या क्रॉप सेन्सर डीएसएलआरमध्ये २३.५ बाय १५.६ मिमी, कॅननमध्ये २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर दहा-बारा पट. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? तेच गणित. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी; त्याहून लहान तो क्रॉप सेन्सर. फुल फ्रेम आपल्या बजेटबाहेरची आहे आणि सुरुवातीला तिची गरजही नाही.

इथे एका मोहापासून सावध करतो. दुकानात दिसायला डीएसएलआरसारखे, पुढे लांब नळी असलेले, ६० पट झूमवाले कॅमेरे असतात. त्यांना ब्रिज कॅमेरा म्हणतात. त्यातल्या बहुतेकांच्या आत मोबाइलएवढाच, ६.२ बाय ४.६ मिमीचा सेन्सर असतो. भर उजेडातला पक्षी, पौर्णिमेचा चंद्र, यासाठी ते खरंच कामाचे. निकॉनच्या पी९०० मध्ये २००० मिमीच्या तोडीचा झूम आहे (लेन्सचे मिमी जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं). तेवढी लेन्स डीएसएलआरला लावायची तर कर्ज काढावं लागेल. पण सूर्य कलला की यांचा खेळ संपतो. तालमीच्या हॉलसाठी नाही.

पायरी ३: आता लेन्स

पैसे इथे घालायचे, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

नव्या कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ मिमीची किट लेन्स. तिला नावं ठेवायची पद्धत आहे, मी ठेवणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी ट्रायपॉड लावून एफ/८ वर काढलेला फोटो या लेन्सने उत्तम येतो. तिची अडचण वेगळी आहे. ५५ मिमीपर्यंत झूम केलं की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि आत येणारा प्रकाश जास्त. एफ/१.८ ची लेन्स लावली तर एफ/५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो.

दहापट म्हणजे काय ते तालमीच्या हॉलमध्ये बघा. वर ट्यूबलाइट, समोर नट हात उडवत बोलतोय. हात पुसट येऊ नये म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, निदान १/२०० सेकंदाइतकं वेगवान ठेवायचं. किट लेन्सवर यासाठी आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर न्यावा लागत असेल, तर तीच फ्रेम एफ/१.८ वर आयएसओ ६४० च्या आसपास मिळते. ६४०० वर चेहऱ्यावर रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसतात. ६४० वर डोळ्याखालची थकव्याची रेघ दिसते. नाटकाचा फोटो त्या रेघेसाठीच काढायचा असतो.

झूम नसलेल्या, एकाच मापाच्या या लेन्सला प्राइम म्हणतात. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम नवीन घेतली तरी साधारण दहा हजारांच्या आसपास पडते. निकॉनकडे क्रॉप सेन्सरसाठी खास ३५ मिमी एफ/१.८ जी आहे, नवीन घेताना थोडी महाग, पण जुन्या बाजारात भरपूर.

पन्नास घ्यायची की पस्तीस? आम्ही टेप घेऊन मोजलं. ती तालमीत साधारण चार मीटरवर बसते. चार मीटरवरून कॅमेरा आडवा धरला तर क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्सच्या चौकटीत वर-खाली सव्वा मीटर मावतं, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून मांडीपर्यंत. ३५ मिमीत पावणेदोन मीटरच्या थोडं वर, म्हणजे पायांपर्यंत. नाटकात पाय कापून चालत नाही, आणि दोन पात्रं शेजारी शेजारी असली तरी घ्यावी लागतात. पस्तीस ठरली. कॅननकडे त्या सुमाराच्या मापात परवडणारी म्हणजे २४ मिमी, पण ती एफ/२.८ ला थांबते. निकॉन घ्यायचा हा निर्णय असा लेन्सवरून झाला. तुमचा विषय घरातलं लहान मूल किंवा माणसांचे चेहरे असेल तर हाच हिशोब कॅननच्या ५० कडे नेईल, आणि तेही तितकंच बरोबर.

पक्ष्यांची गोष्ट निराळी. भिगवणला हिवाळ्यात होडीतून रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी प्राइमच्या वाटेला जाऊ नये. तिथे २५०-३०० मिमी हीच सुरुवात. कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० व्हीआर जुनी बघा. क्रॉप सेन्सरवर निकॉनची ३०० मिमी ही फुल फ्रेमवरच्या ४५० मिमीसारखी आणि कॅननची २५० ही ४०० मिमीसारखी चौकट देते. सकाळचा उजेड असतो, त्यामुळे छिद्र लहान असलं तरी भागतं. फुलं आणि किडे हवे असतील तर आधी आहे त्याच लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ कडी) लावून बघा, अगदी जवळून फोटो काढणारी मॅक्रो लेन्स नंतर.

मोठी लेन्स घ्यायच्या आधी ती शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत ही सोय आहे. दोन दिवस गळ्यात अडकवून फिरलात की वजन पेलतंय का, हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं कळतं.

पायरी ४: उरलेल्या पैशांत बॉडी

तीस हजारांत नवी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा नवा कॅमेरा, बसत नाही. म्हणून आपण जुन्या डीएसएलआरकडे जातोय, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपला जोर मिररलेसकडे वळवला. त्यामुळे हौशी लोकांचे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर मोठ्या संख्येने बाजारात आले आहेत. घेणाऱ्यासाठी हा चांगला काळ आहे.

उद्या मिररलेस घेतलीत तर लेन्स फुकट जाईल का, ही शंका रास्त आहे. नाही जाणार. कॅननच्या ईएफ लेन्सा अडॅप्टर लावून नव्या आर मालिकेवर चालतात. निकॉनच्या, आत मोटर असलेल्या, एएफ-एस लेन्सा एफटीझेड अडॅप्टरने झेड मालिकेवर चालतात. हे आणखी एक कारण, ज्यासाठी लेन्स चांगली घ्यावी आणि बॉडी जुनी.

निकॉनमध्ये डी३३०० (२०१४), डी३४०० (२०१६), डी३५०० (२०१८) ही तीन भावंडं बघा. तिन्ही २४ मेगापिक्सेलची आणि नवशिक्यासाठी पुरेशी. डी३५०० बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम भरतो आणि कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो काढतो. बहुतेक छोट्या मिररलेस तीन-चारशेला मान टाकतात. दोन दिवसांच्या ट्रेकला हा फरक मोठा आहे. पडदा बाहेर वळणारा हवा असेल तर डी५३००. जरा दणकट, सेटिंग बदलायला दोन चाकं असलेला हवा असेल तर डी७१००, पण वजन वाढतं.

कॅननमध्ये १३००डी (२०१६) आणि १५००डी (२०१८) साधे आणि विश्वासाचे. २००डी (२०१७) मिळाला तर तो घ्या. त्यात पडद्यावर बघून फोकस करणं फार वेगवान आहे, व्हिडिओ करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. ३०००डी मात्र टाळा. त्यात लेन्स बसते ती कडी प्लॅस्टिकची आहे, आणि चष्म्याच्या नंबरप्रमाणे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) जुळवायचं चाकही नाही.

निकॉन घेणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे. पहिला: डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळते म्हणून ५० मिमी एफ/१.८ डी घेतलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. लेन्सवर "एएफ-एस" लिहिलेलं हवं. डी९० आणि डी७००० मालिकेत मोटर असते, तिथे डी लेन्सही चालते. दुसरा: "एएफ-पी" लिहिलेल्या नव्या किट लेन्सा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. डी९०, डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० यांच्यावर त्या लावू नका. डी३३०० आणि डी५३०० वर चालतात, पण फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेणारे इथे हमखास फसतात.

पायरी ५: कुठून घ्यायचा

तीन वाटा आहेत. ओळखीतला हौशी माणूस, ही सगळ्यात चांगली. तुमच्या सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर "कुणाकडे न वापरलेला डीएसएलआर आहे का" एवढं टाका. मूल झालं तेव्हा घेतलेला, पहिल्या वाढदिवसानंतर बॅगेतून न निघालेला कॅमेरा जवळपास प्रत्येक इमारतीत एक तरी असतो.

दुसरी वाट दुकानाची. मुंबईत सीएसएमटीच्या बाहेर पडलं की फोर्टातला बोरा बाजार चालत काही मिनिटांवर आहे, तिथे कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. ऑनलाइनपेक्षा हजार-दोन हजार जास्त जातील, पण चार लेन्सा समोर मांडून त्यातली एक निवडता येते आणि थोड्या दिवसांची का होईना, दुकानाची हमी मिळते. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा, दुकानदाराला वेळ असतो आणि तपासायला उजेड असतो.

तिसरी वाट जाहिरातीच्या ॲपची. इथे नियम कडक ठेवा: समोरासमोर, दिवसा, चारचौघांत, आणि कॅमेरा हातात घेऊन तपासल्याशिवाय एक रुपयाही नाही. "मी लष्करात आहे, बदली झालीय, आगाऊ पैसे भरा, कुरिअरने पाठवतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा.

नवीन वस्तू घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: "इम्पोर्टेड पीस, बिल नको असेल तर चार हजार कमी" याचा अर्थ भारतातली वॉरंटी नाही. जीएसटी नंबर आणि कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर छापलेलं बिल घ्या. आणि "सोबत ट्रायपॉड, बॅग, कार्ड फुकट" याला भुलू नका. त्या तीन वस्तूंची किंमत बिलात कुठेतरी धरलेली असतेच, आणि तो ट्रायपॉड वाऱ्यात उभा राहत नाही.

पायरी ६: तपासणी

सोबत काय न्यायचं: छोटी पण प्रखर टॉर्च, स्वतःचं मेमरी कार्ड, लॅपटॉप असेल तर लॅपटॉप, आणि एक वर्तमानपत्र. अर्धा तास लागतो. अर्धा तास द्यायला विकणारा तयार नसेल तर उठून या.

सुरुवात बाहेरून. तळाचे स्क्रू बघा. डोकी झिजलेली असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. वरच्या फ्लॅशच्या खाचेचा रंग पार उडालेला असेल तर तो लग्नांच्या सीझनमध्ये राबलेला असण्याची शक्यता जास्त. पकडीचं रबर फुगलंय का, चिकट झालंय का, बॅटरीचं झाकण नीट लागतंय का. बॅटरी टेबलावर सपाट ठेवा. डुगडुगली तर फुगलीय, नवी घ्यावी लागेल, ते पैसे कमी करून मागा.

मग लेन्स, आणि हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. ती बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा. कॅननची लेन्स सुटी असताना छिद्र उघडंच असतं. निकॉनच्या जी लेन्सचं मिटलेलं असतं. मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, ती बोटाने हलकेच सरकवून धरली की पाती उघडतात. आता एका बाजूने टॉर्च तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावून लेन्स सावकाश फिरवा. काचेच्या आत धुळीचे दोन-चार कण दिसतील. ते असू द्या, फोटोत येत नाहीत. शोधायची ती बुरशी, ज्याला सगळे फंगस म्हणतात.

बोरा बाजारात आम्हाला मिळालेली पहिली ३५ मिमी वरून आरशासारखी होती. मुलगी तर हातात घेऊन खूश झाली. दुकानाच्या दिव्याखाली काहीच दिसत नव्हतं. टॉर्च तिरकी धरली, लेन्स पाव वळसा फिरवली, आणि काचेच्या कडेला पांढरट धागे चमकले. कोळ्याचं जाळं तुटून त्याचा एक कोपरा उरावा तसे, मधून फुटत गेलेले, झाडाच्या मुळांसारखे. टॉर्च बंद केली की गायब. मी तिच्या हातात टॉर्च दिली आणि तिला स्वतःला शोधायला लावलं. दोन मिनिटं लागली, पण सापडले. दुकानदाराने काही न बोलता ती आत ठेवली आणि दुसरी काढून दिली. तिच्यात एका बाजूला धुळीचे दोन कण होते, बाकी स्वच्छ. तीच घेतली.

हे मी इतकं लावून धरतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भर जुलैत मी एका दुकानातून ७०-३०० लेन्स ट्यूबलाइटखाली बघून घेतली. घरी येऊन दुसऱ्या दिवशी खिडकीत धरली तर आतल्या काचेवर जाळं. दुकानाने परत घेतली नाही, आणि साफ करायचा खर्च लेन्सच्या जवळपास निम्मा सांगितला. त्या काळात ते पैसे माझ्यासाठी खूप होते. कोकण आणि मुंबईच्या हवेत राहिलेली लेन्स टॉर्चशिवाय कधीही घेऊ नका.

टॉर्च हातात आहे तोवर छिद्राच्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का बघा. झूमची कडी फिरवताना मध्येच अडकते का, हलवल्यावर आत खडखड होते का, तेही. व्हीआर किंवा आयएस (हात हलला तरी फोटो पुसट येऊ नये म्हणून असलेली सोय) असलेल्या लेन्समध्ये थोडा आवाज येतो, तो चालतो.

आता लेन्स लावा, आपलं कार्ड घाला. छिद्र एफ/१६ वर न्या, फोकस हाताने बिघडवा आणि आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. पुसट काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, साफ होते. रेघ दिसली तर तो ओरखडा आहे, तो जात नाही. तो कॅमेरा नको. मग लेन्सवर झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो काढा. चार-दोन रंगीत ठिपके असतील तर ठीक, चांदणं पसरलं असेल तर नको. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही, आणि आतल्या आरशाला बोट लावू नका.

फोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर तिरकं पसरा. छिद्र पूर्ण उघडून मधल्या एका मथळ्यावर फोकस करा. तोच मथळा सगळ्यात स्पष्ट यायला हवा. पुढची किंवा मागची ओळ जास्त स्पष्ट येत असेल तर बॉडी आणि लेन्सचं जुळत नाही; त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून बघा.

शेवटी शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलंय. निकॉनच्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा लिहिलेला असतो, लॅपटॉपवर एक्झिफ, म्हणजे फाइलमधली ही नोंद, वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामने दिसतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत फाइलमध्ये नसतो, केबल लावून वेगळ्या प्रोग्रामने वाचावा लागतो. डी३३००, डी३४००, डी३५०० यांचं शटर १ लाख फोटोंना तपासलेलं आहे. एका लाखाला ते बंद पडेलच असं नाही. पण पहिल्या कॅमेऱ्यासाठी तीस हजारांच्या आतला बघा. आमच्या डी३३०० चा ११,४०० निघाला. सात-आठ वर्षांत एवढेच फोटो, म्हणजे कुणाच्या तरी कपाटातलाच होता.

पायरी ७: पैसे देताना

बॉडीच्या तळाशी असलेला सिरीयल नंबर जुन्या बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि "हा अमुक नंबरचा कॅमेरा मी अमुक रकमेला विकला" अशी सही केलेली पावती घ्या. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून एवढं करायलाच हवं. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. मूळ चार्जर, लेन्सची दोन्ही झाकणं आणि बॉडीचं झाकण मागून घ्या.

आमचा हिशोब असा झाला: डी३३०० किट लेन्ससकट सतरा हजार, जुनी ३५ मिमी नऊ हजार, कार्ड, बॅग आणि बाकीचं किरकोळ अडीच हजार. दीड हजार उरले, ते तिने एका जास्तीच्या बॅटरीसाठी ठेवलेत.

कार्ड स्वस्तातलं घेऊ नका. ३२ जीबीचं, चांगल्या कंपनीचं, बिलावर घेतलेलं बास होतं. त्यात २४ मेगापिक्सेलचे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो हजाराच्या वर मावतात. घरी आल्यावर एकदा ते पूर्ण भरून प्रत्येक फोटो उघडतोय का बघा. नकली कार्डं निम्मी भरली की आधीचे फोटो खायला लागतात, आणि ते प्रयोगाच्या दिवशी कळायला नको.

पायरी ८: घरी आणल्यावर

कॅमेरा सोबत आलेल्या बॅगेत, त्यातही चामड्याच्या केसमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. ओल धरते ती तिथेच. भांड्यांच्या दुकानातून रबराची कडा असलेला, घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणा. त्यात तळाशी सुती कापड, वर कॅमेरा आणि लेन्सा, कडेला सिलिका जेलच्या पुरचुंड्या. दोन-तीनशे रुपयांना मिळणारा आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आत ठेवा. तो ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साठच्या जवळ गेला की जेल बदला. नारिंगी जेल हिरवट पडलं की ते भरलं असं समजा. मंद आचेच्या तव्यावर सावकाश गरम केलं की पुन्हा नारिंगी होतं, फार तापवू नका. पावसाळ्यात हे आठ-पंधरा दिवसांनी करावं लागतं, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आणलात तर काचेवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवा, वीस मिनिटं जाऊ द्या, मग उघडा. या बॉडी पाण्यापासून बंदिस्त नाहीत. वारीत किंवा पावसाळी ट्रेकला साधी प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, एवढं सोबत असू द्या.

पहिले दोन महिने एकच लेन्स लावून ठेवा आणि मोड निकॉनवर ए, कॅननवर एव्ही. छिद्र तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेऱ्यावर सोडायचं. रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवा. आज रॉचं काही करता आलं नाही तरी वर्षाने त्याच फाइली पुन्हा उघडाल.

मुलीने गेल्या आठवड्यात तालमीचे फोटो पाठवले. पन्नासेक होते, त्यातले तीस पुसट. पण एकात एक मुलगा विंगेत उभा राहून आपली एंट्री यायची वाट बघतोय, ओठ हलतायत, संवाद पुटपुटतोय. एफ/१.८, १/१६०, आयएसओ ८००. खाली तिने विचारलंय, "काका, डब्यातला काटा ५८ दाखवतोय, आजच जेल बदलू का?" हो, आजच.